लायन रॅम्पंट: पहिला डाव शेवटपर्यंत कसा न्यायचा

दोघं जण हौसेनं बसतात. शंभरेक सैनिक टेबलावर मांडले जातात, नियमांचं पुस्तक मधोमध उघडं, आणि दोन तासांनी कशीबशी तिसरी पाळी चालू असते. एक जण पानं उलटतोय, दुसरा फोनमध्ये. चहा होतो, डाव गुंडाळला जातो, आणि "फार किचकट आहे रे हे" असं म्हणून डबा माळ्यावर जातो. असे डबे मी बरेच पाहिलेत. एक माझाही होता.

खेळ किचकट नाही. शिकताना क्रम उलटा होतो, एवढंच. आधी पूर्ण फौज, मग सगळे खास नियम, आणि शेवटी खेळ, असं लोक करतात. खाली जो क्रम दिलाय त्यानं पहिला डाव दीड-दोन तासांत संपतो.

लेख 'लायन रॅम्पंट' या खेळाबद्दल आहे. मध्ययुगीन युरोपातल्या छोट्या चकमकींचा हा टेबलावरचा खेळ ऑस्प्रे प्रकाशनानं 2014 साली काढला. 2022 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. मी खाली जे आकडे देतोय ते पहिल्या आवृत्तीचे.

सावधान: एकाकडे जुनं पुस्तक आणि दुसऱ्याकडे नवं, असं असेल तर बसण्याआधीच ठरवा की आज कुठलं चालणार. अर्ध्या डावात ही गोष्ट उघड झाली की उरलेली संध्याकाळ वादात जाते.

## 1. जमवाजमव

फासे. सहा बाजूंचे एका रंगाचे 12, आणि वेगळ्या रंगाचे 2. बारा फासे मारामारीसाठी, दोन हुकमासाठी. रंग वेगळे ठेवाच, नाहीतर "हे दान कशाचं होतं?" हा प्रश्न दर पाळीला येतो. ल्युडोचे बारीक फासे चालतात, पण बारा एकदम टाकले की दोन सोफ्याखाली जातात आणि एखादा सैनिक आडवा करतात. घरातली जुनी परात घ्या, तिच्यात टॉवेलचा तुकडा अंथरा आणि दान तिच्यातच टाका. आवाज होत नाही, शिवाय फासा परातीबाहेर गेला तर परत टाकायचा, हा नियम आपोआप लागू होतो.

माप. सगळी मापं इंचात आहेत. शिंप्याची टेप चालेल, पण ती टेबलावर पसरताना सैनिक हलतात. आम्ही खराट्याच्या हिराचे 3, 6 आणि 10 इंचांचे तुकडे कापून ठेवलेत. निम्म्याहून जास्त मोजमाप त्यांतच भागतं. टेप फक्त बाणांच्या 18 इंचांसाठी आणि सरदाराच्या 12 इंचांसाठी.

टेबल. 28 मिलिमीटर उंचीच्या सैनिकांना सहा फूट बाय चार फूट मैदान लागतं. आपल्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल एवढं नसतं. मग 1/72 मापाचे छोटे सैनिक घ्या आणि जिथं नियमात इंच आहे तिथं 2 सेंटिमीटर वाचा. सहा बाय चारचं मैदान मग 144 बाय 96 सेंटिमीटरमध्ये बसतं. मात्र हे गणित दोघांनी एकदाच ठरवायचं. मधूनच इंचाकडे वळायचं नाही.

सैनिक. पहिल्या डावाला प्रत्येकाला 30 लागतात, 6 घोडेस्वार आणि 24 पायदळ. परदेशी 28 मिलिमीटरचे सैनिक मागवले तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. 1/72 चे प्लॅस्टिकचे डबे त्या मानानं स्वस्त पडतात आणि एका डब्यात सैनिकही बरेच निघतात. तेही नको असतील तर वहीच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापा, त्यावर घोडा, भाला, धनुष्य काढा आणि बसा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे काढावेत असं मनात येईल. मीही काढले होते. ते आकारानं मोठे निघाले, तिसऱ्या पाळीत एकाचं डोकं उडालं आणि घरातल्या छोट्या मालकानं डाव बंद पाडला.

रंग. आत्ता नको. बेसच्या (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीच्या) कडेला एका फौजेला लाल पट्टी, दुसरीला निळी, पुरे. आधी सगळे रंगवू आणि मग खेळू म्हणणाऱ्यांनी वर्षवर्ष काढलंय.

तपासा: 14 फासे, टेप, तीन हीर, 60 सैनिक, पेन्सिल आणि चार कोरी कार्डं. पुस्तक हाताशी, पण टेबलावर नको.

## 2. तीन तुकड्या, तीन कार्डं

नियमित डाव 24 गुणांच्या फौजेचा असतो; गुण म्हणजे प्रत्येक तुकडीची ठरलेली किंमत. पहिल्या डावाला तो खेळू नका. दोघांनीही अगदी सारखी, 14 गुणांची फौज घ्यायची. फौजा सारख्या असल्या की "तुझी फौज भारी होती" हे गाऱ्हाणं उरत नाही, आणि दोघं मिळून एकच तीन कार्डं वाचतात.

प्रत्येक तुकडीचं कार्ड स्वतःच्या हातानं लिहा. छापील तक्ता समोर असला की माणूस दर वेळी तो शोधतो. हातानं लिहिलेलं दुसऱ्या पाळीला पाठ होतं.

नाइट (पुस्तकात माउंटेड मेन-ॲट-आर्म्स). 6 घोडेस्वार, 6 गुण. हल्ल्याचा हुकूम 5+, चालीचा 7+. हल्ला करताना वार 3+, बचाव करताना 5+. धीर 3+. चाल 10 इंच. चिलखत 4.

भालेकरी (पुस्तकात फूट सर्जंट). 12 जण, 4 गुण. हल्ल्याचा हुकूम 6+, चालीचा 5+. हल्ल्यात वार 5+, बचावात 4+. धीर 4+. चाल 6 इंच. चिलखत 3.

तिरंदाज (पुस्तकात आर्चर). 12 जण, 4 गुण. हल्ल्याचा हुकूम 7+, चालीचा 6+, बाण सोडण्याचा 6+. हल्ल्यात वार 6, बचावात 5+, बाणाचा वार 5+, पल्ला 18 इंच. धीर 4+. चाल 6 इंच. चिलखत 2.

इथं नवखे हमखास अडकतात, म्हणून थोडं थांबतो. धीर आणि चिलखत चौथ्या टप्प्यात कळेल; ते सोडून कार्डावर दोन प्रकारचे आकडे आहेत. हुकमाचा आकडा दोन फाशांच्या बेरजेत गाठायचा असतो. वाराचा आकडा बारा फाशांपैकी प्रत्येकावर वेगळा पाहायचा. नाइटांच्या कार्डावर हल्ल्याचा हुकूम 5+ आणि वार 3+ आहे. म्हणजे "हल्ला करा" हे त्यांनी ऐकावं यासाठी दोन फाशांची बेरीज 5 किंवा जास्त हवी. भिडल्यावर बारांपैकी 3, 4, 5, 6 दाखवणारा प्रत्येक फासा हा एक वार. कार्ड लिहिताना हुकमाचे आकडे डावीकडे आणि वाराचे उजवीकडे लिहा, मध्ये जाड रेघ मारा.

प्रत्येक फौजेचा एक सरदार असतो. तो वेगळा सैनिक नसतो, एखाद्या तुकडीतलाच एक असतो. पहिल्या डावात त्याला भालेकऱ्यांत ठेवा. नाइटांत ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. का टाळायचा ते पाचव्या टप्प्यात कळेल.

सावधान: स्किल्ट्रन (भालेकऱ्यांचा दाट घेर), काउंटर-चार्ज (अंगावर येणाऱ्या हल्ल्यावर उलट धावून जाणं), सरदाराचे स्वभाव, डावाआधीच्या बढाया हे सगळं पहिल्या डावात बंद. पुस्तकातल्या त्या पानांना रबरबँड लावा.

## 3. मैदान

पहिल्या डावाला रुंदी कमी करा. चार फुटांऐवजी तीन फूट, म्हणजे 36 इंच. दोन्ही फौजा समोरासमोरच्या लांब कडांवर, कडेपासून 6 इंचांच्या आत. मध्ये 24 इंच उरतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला गाठ पडते.

हिरवी चादर अंथरा, सुरकुत्या काढा. जंगलासाठी फ्लॅनेलचे दोन गडद तुकडे कापा आणि ते दोन्ही आखूड कडांजवळ ठेवा, मध्ये नको. झाडं त्या तुकड्यावर सुटी ठेवायची म्हणजे सैनिक आत गेले की उचलता येतात. जंगलाची हद्द म्हणजे कापडाची कड. हे आधी ठरवलं नाही तर एक सैनिक "झाडाखाली" आहे की नाही यावर पाच मिनिटं जातात. टेकड्या, नदी, पूल पुढच्या डावाला.

आणि एक नियम आत्ताच मैदानावर हीर ठेवून समजून घ्या: कुठलीही तुकडी दुसऱ्या कुठल्याही तुकडीच्या 3 इंचांच्या आत येऊ शकत नाही, येऊ शकते ती फक्त हल्ला करत असेल तेव्हा. शत्रूच्याच नाही, आपल्याही. नवखे दुसऱ्याच्या तुकडीपासून अंतर ठेवतात आणि आपल्या तुकड्या खांद्याला खांदा लावून मांडतात. मग पहिल्याच पाळीला नाइटांना पुढं यायला वाट नसते. फ्रेंच घोडदळानं 1346 साली क्रेसीला आपल्याच जिनोआच्या क्रॉसबोवाल्यांना तुडवत वाट काढली होती. इथं ती सोय नाही.

तुकडीच्या आतही अंतर आहे. मधला एक सैनिक धरा, बाकी सगळे त्याच्यापासून 3 इंचांत.

तपासा: आपल्या प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये 3 इंचांचा हीर आडवा मावतो का? नाइटांच्या समोर सरळ मोकळी वाट आहे का?

## 4. सुकी तालीम: दहा मिनिटं

डाव सुरू करण्याआधी एकच हल्ला खोटा खोटा खेळून पाहा. पाळी नाही, हुकूम नाही. एकाचे नाइट, दुसऱ्याचे तिरंदाज, बाकी सगळे बाजूला. हे न करता बसणारे पहिल्या खऱ्या हल्ल्याला वीस मिनिटं घालवतात.

नाइट तिरंदाजांवर धावले. दोघंही एकाच वेळी फासे टाकतात. आधी मेलेले तिरंदाज बाजूला काढून उरलेल्यांनी टाकायचं, असं नाही.

किती फासे? तुकडी निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर 12, निम्मी किंवा कमी उरली तर 6. मधलं काही नाही. सहा नाइट असले तरी 12 फासे, आठ तिरंदाज उरले तरी 12 फासे. या खेळातली सर्वात जास्त होणारी चूक हीच: जितके सैनिक तितके फासे. असं खेळलं की नाइट निम्म्या ताकदीचे होतात, आणि मग "नाइटांना सहा गुण कशाला मोजायचे?" हा प्रश्न येतो.

समजा नाइटांच्या 12 फाशांत 9 जागी 3 किंवा जास्त पडलं. 9 वार. तिरंदाजांचं चिलखत 2, म्हणजे दर 2 वारांना एक माणूस. 9 ला 2 नं भागा: 4 मेले, 1 वार उरला. उरलेला वार फुकट जातो, पुढच्या हल्ल्यासाठी जपून ठेवायचा नसतो. तिरंदाजांनी 12 फाशांत बचावाचे 3 वार केले. नाइटांचं चिलखत 4. तीन वारांत एकही नाइट पडत नाही.

आता धीर. माणसं गमावलेल्या तुकडीनं दोन फासे टाकायचे, बेरजेतून आतापर्यंत गमावलेली माणसं वजा करायची, सरदार 12 इंचांत असेल तर 1 मिळवायचा. तिरंदाजांना 7 पडले. 7 वजा 4 म्हणजे 3. सरदार भालेकऱ्यांत, 9 इंचांवर उभा. 3 अधिक 1 म्हणजे 4. कार्डावर धीर 4+. थोडक्यात वाचले. सरदार तिकडे कोपऱ्यात असता तर याच दानावर तुकडी खिळखिळी झाली असती, म्हणजे सावरेपर्यंत हुकूम घेण्याच्या स्थितीत राहिली नसती.

धीर टिकला तरी जास्त माणसं गमावलेली बाजू मागं सरते. मारामारी तिथल्या तिथं संपते, दोन तुकड्या पुढच्या पाळीपर्यंत एकमेकींत गुंतून पडत नाहीत.

हीच तालीम बाजू बदलून एकदा करा. मग नाइट विरुद्ध भालेकरी. इथं बारा फाशांवर नाइटांचे सरासरी 8 वार, चिलखत 3, म्हणजे 2 भालेकरी. भालेकऱ्यांचे बचावाचे सरासरी 6 वार, चिलखत 4, म्हणजे 1 नाइट. तिरंदाजांवरच्या हल्ल्यात सरासरीनं 4 तिरंदाज पडतात आणि 1 नाइट. त्याच नाइटांना कुणावर सोडायचं, हे यापुढं कुणी सांगावं लागत नाही.

तपासा: पुस्तक न उघडता एक हल्ला दोघांना शेवटपर्यंत नेता येतो का? नसेल तर तिसरी तालीम करा. पुढं जाऊ नका.

## 5. पाळीचा क्रम

प्रत्येकाच्या पाळीत तीन गोष्टी याच क्रमानं होतात.

1. सावरणं. आपल्या खिळखिळ्या झालेल्या तुकड्यांची धीराची चाचणी. सावरल्याशिवाय त्यांना हुकूम देता येत नाही.
2. बेफाम हल्ला. नाइटांसारख्या तुकड्यांच्या टप्प्यात शत्रू असेल तर त्यांची हल्ल्याची चाचणी सक्तीची.
3. हुकूम. बाकी तुकड्यांना एकेक करून, प्रत्येकीला पाळीत एकदाच.

पहिली पायरी लोक विसरतात. थेट हुकमाला हात घालतात, दोन तुकड्या हलवल्यावर आठवतं, आणि मग मागं जायचं की नाही यावर वाद. खिळखिळ्या तुकडीजवळ एखादी लाल सोंगटी किंवा बटण ठेवा. पाळी आली की आधी नजर लाल बटणांवर.

दुसरी पायरी म्हणजे नाइट घेण्याची किंमत. त्यांच्या 10 इंचांत हल्ला करण्याजोगा शत्रू आला की ते तुमचं ऐकत नाहीत; दोन फाशांवर 5 किंवा जास्त आले की निघाले. 36 पैकी 30 वेळा निघतातच. समोर भाल्यांची भिंत असो की दुरून खिजवणारे सहा फुटकळ पोरगे असोत. म्हणून सरदार नाइटांत नको. तो तुमच्या मनाविरुद्ध त्यांच्याबरोबर निघून जातो, आणि त्याच्या 12 इंचांच्या छायेतले तिरंदाज उघडे पडतात.

सावधान: पाळी संपवण्याआधी नाइटांच्या बेसला 10 इंचांचा हीर लावून गोल फिरवा. शत्रूला उद्या कुठून चिथावता येईल ते आज दिसतं. माप कधीही घ्यायला दोघांना मोकळीक ठेवा. लपवाछपवीनं खेळ अवघड होत नाही, फक्त लांबतो.

## 6. हुकमाचा क्रम

खेळ खरा इथं आहे. बाकी सगळं वाचून येतं.

नियम एका ओळीचा. हुकूम द्यायचा, दोन फासे टाकायचे, आकडा गाठला तर तुकडी ऐकते. नाही गाठला तर तुमची पाळी तिथंच संपते, उरलेल्या तुकड्या जागच्या जागी, आणि फासे समोरच्याच्या हातात.

पहिल्यांदा हे फार अन्यायाचं वाटतं. पहिलंच दान उलटं पडलं आणि पूर्ण फौज बघत राहिली, असं दोन वेळा झालं की माणूस वैतागतो. रडीचा डाव इथूनच सुरू होतो: "हा नियम काढून टाकू या." काढू नका. तो काढला की उरतो फक्त बारा-बारा फासे फेकण्याचा खेळ.

दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 5+ हे 30 वेळा येतं, 6+ हे 26 वेळा, 7+ हे 21 वेळा. हे तीन आकडे कार्डाच्या मागं लिहून ठेवा.

आता आपल्या तीन तुकड्यांना तीन हुकूम द्यायचेत: भालेकऱ्यांना चाल (5+), तिरंदाजांना बाण (6+), नाइटांना चाल (7+). तिन्ही लागोपाठ सुटण्याची शक्यता कुठल्याही क्रमानं 35 टक्केच. पण सोप्याकडून अवघडाकडे गेलात तर पाळीला सरासरी 1.8 हुकूम सुटतात. उलट, नाइटांपासून सुरुवात केली तर 1.35. दहा पाळ्यांत चार-साडेचार हुकमांचा फरक. तीन तुकड्यांच्या फौजेत एवढ्यात डाव फिरतो.

म्हणून पहिला धडा: खात्रीचं आधी. पण हा अर्धाच धडा आहे, आणि त्यावरच थांबणारे पुढं मार खातात. मीही खाल्ला. चौथा की पाचवा डाव होता. शत्रूचे नाइट माझ्या तिरंदाजांपासून 9 इंचांवर येऊन उभे, त्यांतले दोन आधीच पडलेले. मला बाण सोडायला हवे होते. आणखी एक पडला असता तर ती तुकडी निम्म्यावर आली असती आणि बाराऐवजी सहा फाशांची झाली असती. पण मागचे भालेकरी 5+ चे, "ते जातीलच" म्हणून आधी त्यांना चाल दिली. दोन आणि दोन. पाळी संपली. पुढच्या पाळीत नाइट बारा फाशांसह तिरंदाजांवर आले. भालेकरी 6 इंच पुढं गेले असते किंवा नसते, त्यानं त्या क्षणी काहीच बिघडत नव्हतं.

तेव्हापासून पाळी आली की मी तीन प्रश्न विचारतो, याच क्रमानं:

1. असा एखादा हुकूम आहे का, जो या पाळीत सुटला नाही तर पुढच्या पाळीत तुकडी जाईल? असेल तर तो पहिला, आकडा कितीही असो.
2. नसेल तर, खात्रीचं आधी.
3. हा हुकूम द्यायची खरंच गरज आहे का? जिथं उभी आहे तिथं तुकडी ठीक असेल तर तिला हात लावू नका. बिनगरजेचा हुकूम म्हणजे पाळी गमावण्याची फुकट संधी.

तिसरा प्रश्न सगळ्यांना जड जातो. सगळं हलवलंच पाहिजे अशी बुद्धिबळातून न आलेली, पण कुठूनतरी चिकटलेली सवय असते.

सावधान: फासे टाकण्याआधी हुकूम तोंडानं बोला. "तिरंदाज, बाण, त्या भालेकऱ्यांवर." आधी दान आणि मग "मी खरं तर चाल म्हणणार होतो" हे चालत नाही. एका हुकमात एकच काम: चाल किंवा बाण किंवा हल्ला. हल्ल्यात धावणं आलंच, त्यासाठी वेगळी चाल द्यायची नाही.

## 7. पहिला डाव

आता कुठे खेळायचं. तीन विरुद्ध तीन तुकड्या. एकाच्या दोन तुकड्या मैदानातून गेल्या की डाव संपला.

बाणांबद्दल एकच सूचना. बारा तिरंदाजांचे सरासरी 4 वार लागतात. नाइटांवर सोडले तर एक पडतो, तोही चारही लागले तरच. तीन लागले की शून्य. भालेकऱ्यांवर एक, समोरच्या तिरंदाजांवर दोन. नवखे बाण नेहमी नाइटांवर सोडतात, कारण भीती त्यांची वाटते. ते अगदी अंगावर आले नसतील तर समोरच्या तिरंदाजांना आधी संपवा.

धीराच्या चाचणीत दोन चुका वारंवार होतात. एक, फक्त आत्ता मेलेले वजा करणं. वजा करायचे असतात सुरुवातीपासून गमावलेले सगळे. मेलेले सैनिक डब्यात टाकू नका, तुकडीच्या कार्डावर ठेवा, मोजायला समोर राहतात. दुसरी, शून्य विसरणं. वजाबाकी करून उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर तुकडी खिळखिळी होत नाही, तिची दाणादाण उडते आणि ती मैदानातून जाते. चार माणसं गमावलेल्या तुकडीला, सरदार जवळ नसताना, 2, 3 किंवा 4 पडले की संपलं.

आणखी काही जण पाठीमागून हल्ला केला म्हणून जास्त फासे मागतात. तुकडीला पुढची-मागची बाजू नाही. वळसा घालून येण्यात दोन पाळ्या जातील, मिळणार काही नाही.

वाद झाला तर पान शोधायला दोन मिनिटं. नाही सापडलं तर फासा टाका: 4+ आलं तर मागणाऱ्याचं खरं. मुद्दा कागदावर लिहा, डाव संपल्यावर शोधा.

तपासा, डाव संपल्यावर: किती पाळ्या पहिल्याच हुकमाला संपल्या? त्यांतल्या किती वेळा तो हुकूम न देताही चाललं असतं? माझ्या पहिल्या वहीत हा दुसरा आकडा निम्म्याहून जास्त होता.

## 8. दुसरा डाव, मग 24 गुण

दुसरा डाव त्याच फौजेनं, त्याच मैदानावर, पण बाजू बदलून. कंटाळवाणं वाटेल, तरी खेळा. पुस्तक उघडायची वेळ जवळजवळ येत नाही आणि तासाभरात आटोपतो. या वेळी एकच खास नियम सुरू करायचा. मी काउंटर-चार्ज घेतो, कारण नाइट दोघांकडे आहेत.

मग 10 गुणांची भर: हलके घोडेस्वार (माउंटेड सर्जंट, 6 जण, 4 गुण), भालेकऱ्यांची दुसरी तुकडी (4 गुण) आणि बिडोवर (दुरून मारा करणारे हलके पायदळ, 6 जण, 2 गुण). एकूण 24 गुण, सहा तुकड्या, 54 सैनिक.

बिडोवर दोन गुणांचे म्हणून लोक त्यांना भरतीचा माल समजतात. चिलखत 1, धीर 5+, मारामारीत काहीच दम नाही. पण पाचव्या टप्प्यातले ते दुरून खिजवणारे सहा पोरगे हेच. त्यांना शत्रूच्या नाइटांपासून 9 इंचांवर, आपल्या भालेकऱ्यांच्या पलीकडे अशा जागी उभं करा, की नाइट त्यांच्यामागं धावले तर पुढच्या पाळीत भालेकऱ्यांच्या टप्प्यात येतील. समोरच्यानं आपल्या नाइटांभोवती हीर फिरवला नसेल तर तो फसतो. त्याचे सहा गुण तुमच्या दोन गुणांमागं गेले.

सहा तुकड्यांना सहाही हुकूम एका पाळीत सुटणं विरळाच. सगळे अगदी 5+ चे असले तरी तीनांत एकदा. त्यामुळे 24 गुणांच्या डावात फौज दोन गटांत मांडा: ज्यांना रोज हलवायचंय ते तीन, आणि जे जागेवर उभे राहून काम करतील ते तीन. भालेकऱ्यांची एक तुकडी आणि तिरंदाज दुसऱ्या गटात, सरदार त्यांच्यामध्ये, दोघांपासून 12 इंचांत. बारा इंच मोजताना टेप सरदाराच्या सैनिकापासून धरा, त्याच्या तुकडीच्या कडेपासून नाही; आमच्याकडे यावरून एक अख्खा डाव वादात गेलाय. सरदाराच्या बेसला सोनेरी रंगाचा ठिपका द्या. रंगकाम सुरू करायचंच असेल तर तिथून करा.